जांभळी लँटाना उतारावर पसरली, पण फुलत नाही : खत कोणते द्यावे?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे तुमचे नवे घर आहे. कंपाउंडच्या दक्षिणेकडच्या सहा फुटी भिंतीला लागून, आतल्या बाजूला, वीस फूट लांब आणि सहा फूट रुंद उतार आहे. पावसाळ्यात तिथली माती वाहून पोर्चमध्ये येते, म्हणून गेल्या जूनमध्ये तुम्ही जमिनीवर पसरणाऱ्या जांभळ्या लँटानाची बारा रोपे चार-चारच्या तीन ओळींत लावली. खालच्या ओळीतली तीन मेली. मधली ओळ हिरवीगार आहे, पण फूल नाही आणि काही पाने पिवळी पडताहेत. भिंतीजवळची ओळ लांबुळकी, विरळ झाली आहे. रोज अर्धा तास ठिबक चालते, महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे मिश्र खत देता. आता जानेवारी संपत आला तरी फुले नाहीत, तेव्हा कोणते खत द्यावे, असे तुम्ही विचारता. शिवाय सासूबाईंचे म्हणणे आहे की ही रानात माजणारी घाणेरी आहे, दारात नको.

खताचे आधी सांगतो : आत्ता कोणतेही देऊ नका. तुमचे झाड उपाशी नाही. त्याला पाणी जास्त होते आहे, खाणे जास्त होते आहे आणि ऊन कमी पडते आहे. त्यात लावल्यापासून एकदाही कात्री लागलेली नाही. फुलांचा प्रश्न या चार गोष्टींत आहे. खताची आणखी एक पुडी टाकली तर पानांचा ढीग वाढेल आणि फूल आणखी लांबेल. तुम्ही ओळीनुसार वर्णन दिले हे फार बरे केले, कारण तीन ओळींची तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर एकच उपाय केला तर एक ओळ सुधारेल आणि दुसरी जाईल.

सगळ्यात आधी ऊन, कारण त्याचा विचार रोप लावताना सहसा कोणी करत नाही. आपण जूनमध्ये लावतो. जूनमध्ये नाशकात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीची सावली आत पडतच नाही आणि जागा उन्हाची वाटते. पुढे सूर्य दक्षिणेला सरकत जातो. आपले गाव साधारण २० अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो. त्या वेळी सहा फुटी भिंतीची सावली पावणेसहा फूट पडते, आणि हा हिशोब सपाट जमिनीचा. तुमची जमीन भिंतीपासून खाली उतरत जाते, म्हणजे सावली त्याहून लांब. सकाळ-संध्याकाळ ती आणखी ताणली जाते. थोडक्यात, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तुमचा सहा फुटांचा पूर्ण पट्टा जवळजवळ दिवसभर सावलीत असतो. उद्या दुपारी साडेबाराला बाहेर जाऊन सावलीच्या कडेवर एक दगड ठेवा आणि दर आठवड्याला पुढचा दगड ठेवत जा, म्हणजे माझ्या आकड्यांवर विसंबायची गरज उरणार नाही. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती सावली साडेतीन-चार फुटांवर येईल, मार्चच्या शेवटी दोन फुटांच्या आसपास, आणि मेच्या मध्यापासून पट्टा पूर्ण मोकळा होईल.

जांभळ्या लँटानाला फुलायला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन लागते. तुमच्या रोपांच्या वाट्याला आतापर्यंत काय आले? जून ते सप्टेंबर ढग, मग ऑक्टोबरचे थोडे ऊन, आणि नंतर भिंतीची सावली. फुलण्याजोगा हंगाम त्यांना अजून मिळालेलाच नाही. म्हणून निराश होऊन ती उपटू नका. या जागेत तुमचा बहर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंतचा असेल. दिवाळीनंतर थंडी संपेपर्यंत तिथे हिरवळ दिसेल, फूल नाही. ही जागेची मर्यादा आहे, ती कोणत्याही औषधाने हटत नाही. थंडीत पानांवर जांभळट-तांबूस झाक आली तर घाबरू नका. या जातीची पाने गारठ्यात तशी होतात आणि ऊब आली की नवी पाने हिरवी येतात.

भिंतीजवळच्या चार रोपांना मार्चमध्येही जेमतेमच ऊन मिळेल. नर्सरीवाला सांगेल, ती काढून दुसरे काही लावा. मी ती तिथेच ठेवीन. पसरणाऱ्या झाडाचा हाच तर फायदा आहे : मूळ सावलीत असले तरी चालते, शेंडा उन्हात पोचला पाहिजे. त्या ओळीच्या लांब फांद्या उतारावरून सरळ खाली ओढून घ्या. जुन्या तारेचे इंग्रजी यू आकाराचे आकडे करा आणि फांदी जिथे जमिनीला टेकते तिथे, पेऱ्यावर, आकडा ठोका. त्या पेऱ्यावर मूठभर माती आणि वर चपटा दगड. ओल राहिली तर तीन-चार आठवड्यांत तिथे मुळे धरतात. हेच दाब कलम. यात एका दगडात दोन कामे होतात : शेंडा उन्हात जातो आणि उताराची माती अधल्यामधल्या मुळांनी बांधली जाते. भिंतीलगतच्या दीड-दोन फुटांत रिकामे दिसते म्हणून काही लावायचेच असेल तर क्लोरोफायटम किंवा र्‍हिओ लावा, ती सावलीत खुशाल राहतात. पिवळ्या फुलांचा वेडेलिया कोणी सुचवला तर मात्र नको म्हणा. ओलीत तो इतका माजतो की दोन पावसाळ्यांत तुमची लँटाना शोधावी लागेल.

आता खालची ओळ. मेलेल्या तीन रोपांपैकी एखादे अजून जागेवर असेल तर हाताने उपटा. सहज वर आले, मुळांना आंबूस वास आला, मुळाची साल बोटांच्या चिमटीत निघून आली आणि आत नुसता तंतू उरला, तर ते पाणी साचून कुजले आहे. मूळ कोरडे, खणखणीत असेल आणि बुंध्याभोवती मातीचे पापुद्रे दिसले तर वाळवी. तुमच्या वर्णनावरून मला पहिलेच वाटते. नव्या लेआउटमध्ये बहुतेक वेळा असे होते : बांधकामाचा राडारोडा आणि मुरूम रोलर फिरवून घट्ट केलेला असतो, त्यावर ट्रॉलीने आणलेली काळी माती सहा इंच पसरतात. वरून बाग सुपीक दिसते, पण खाली फरशी असल्यासारखे पाणी अडते. उतारावरचे पाणी त्या थरावरून सरकत खालच्या ओळीत येऊन थांबते. वरच्या ओळीला जितके पाणी देता त्याहून बरेच जास्त खालच्या ओळीला मिळते, वर पावसाळा वेगळाच.

खात्री करायची सोपी रीत आहे. खालच्या कडेला एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, मुरू द्या, मग पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांत उतरले तर जमीन ठीक आहे. रात्रभर तसेच राहिले तर पायथ्याशी निचऱ्याची सोय केल्याशिवाय नवे रोप लावण्यात अर्थ नाही. त्यासाठी उताराच्या तळाला, पोर्चच्या बाजूने, फूटभर खोल चर घ्या, त्यात खडी भरा आणि त्याचे तोंड बागेच्या नालीला जोडा. रोपे चराच्या वरच्या अंगाला, सहा-आठ इंच उंच वरंब्यावर लावा. काळ्या मातीत थोडी बारीक वाळू मिसळून ती मोकळी होईल अशी पुष्कळांची समजूत असते. थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट होते. त्यापेक्षा भरड मुरूम निम्मा, काळी माती निम्मी आणि प्रत्येक खड्ड्याला दोन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत, एवढे पुरे. शेणखत कच्चे असेल तर हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात.

मधल्या ओळीची पाने पिवळी आहेत असे म्हणता. एक पिवळे पान उजेडात धरून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही शेंड्याकडच्या नव्या पानांत, असे असेल तर ती लोहाची कमतरता आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण झाडाला उचलता येत नाही, आणि माती सतत ओली राहिली की ते आणखीच अवघड होते. सिमेंटचे तुकडे मिसळलेल्या मातीत तर हमखास. त्यामुळे यावरही पहिला उपाय पाणी तोडणे हाच. तेवढ्याने तीन आठवड्यांत नवी पाने हिरवी आली नाहीत तर चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातले) पाकिटावरच्या प्रमाणात संध्याकाळी फवारा. खालची, जुनी पाने सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर काळजीचे कारण नाही, ती दाट सावलीत आपोआप जातात.

पाणी किती? रोजचे अर्ध्या तासाचे ठिबक आजपासून बंद. या थंडीत आणि या सावलीत आठवड्यातून एकदा, तेही मातीत बोट घालून दोन इंच खाली कोरडे लागले तरच. मार्चपासून आठवड्यातून दोनदा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दर तिसऱ्या दिवशी, ताशी चार लिटरच्या ड्रिपरने तासभर. रोज थोडे थोडे देण्यापेक्षा खोल भिजवून मध्ये खंड ठेवला की मूळ खाली जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांच्या पाण्यावर झाड तग धरते. लॉन आणि हा पट्टा एकाच व्हॉल्व्हवर असेल तर आधी तो वेगळा करून घ्या. लॉनला जे लागते ते हिला सोसत नाही, आणि एका नळीवर दोघांचे कधीच जमत नाही.

नाशकात हे समजावून सांगायला मला द्राक्षबागेइतके जवळचे उदाहरण नाही. बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो. वेल जोमात दिसतो आहे म्हणून तो तसाच सोडून देत नाही, आणि नत्र (नायट्रोजन) देताना हात आखडता घेतो, कारण नत्र जास्त झाले की वेल काडी आणि पाने काढत बसतो, घड मागे राहतात. लँटानाचे तंत्र याच जातीचे आहे. १९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद, पालाश सारखे असते. कोवळ्या रोपाला सुरुवातीला एकदा-दोनदा ते ठीक, पण दर महिन्याला ठिबकातून दिले की झाडाला फुलायचे कारणच उरत नाही. जमिनीत बसलेल्या रोपाला वर्षातून एकदा, जूनमध्ये, ओंजळभर शेणखत किंवा गांडूळखत पुरते. फुले फारच कमी वाटली तर मार्चमध्ये छाटणीनंतर चिमूटभर पोटॅश द्या. याहून जास्त मी माझ्या देखरेखीखालच्या कोणत्याही बागेत देत नाही.

छाटणी हा या उत्तराचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लँटानाला फूल नव्या फुटीवर येते, पानाच्या बेचक्यातून निघणाऱ्या देठावर. जुन्या, तपकिरी, काडी झालेल्या भागावर कधीच येत नाही. छाटले नाही की फांदी लांब लांब जाते, बुडाकडचा भाग काडी होतो, मध्ये पोकळी दिसते आणि फूल आलेच तर टोकाला एखादा गुच्छ. एक फांदी हातात घेऊन नीट बघा. प्रत्येक पेऱ्यावर समोरासमोर दोन पाने असतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा. पेऱ्याच्या वर पाव इंच ठेवून कापले की त्या पेऱ्यावरचे दोन्ही डोळे जागे होतात. म्हणजे एक शेंडा गेला आणि दोन आले. त्या दोघांचे शेंडे महिन्याने खुडले की चार. झाड असे दाट होते, आणि जितके शेंडे तितके गुच्छ.

मोठी छाटणी थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तुमच्याकडे नेमकी त्याच वेळी सावलीही मागे सरकते, हा चांगला योग आहे. मधल्या आणि खालच्या ओळीची झाडे जमिनीपासून सहा-आठ इंचांवर आणा. प्रत्येक फांदीवर हिरव्या पानांच्या दोन-तीन जोड्या राहतील असे बघा. अगदी बोडके करून टाकले तर कमजोर रोप उठत नाही. भिंतीजवळच्या ओळीला मात्र हा हात लावू नका. सावलीतल्या झाडाला जोरात छाटले की ते रुसते आणि महिनोन्‌महिने तसेच बसून राहते. तिथे फक्त शेंडे खुडा आणि फांद्या खाली वळवा. कात्री धारदार आणि स्पिरिटने पुसलेली असावी, हातात मोजे असावेत, कारण पाने खरखरीत असतात आणि काहींच्या हाताला त्याची खाज येते. छाटणीनंतर एकदा भरपूर पाणी आणि मग पंधरा दिवस काही नाही. फूट निघून गुच्छ दिसायला ऊन आणि उष्णता बघून पाच-सहा आठवडे लागतात, म्हणजे तुमचे पहिले खरे फूल एप्रिलच्या सुरुवातीला धरा.

दुसरी छाटणी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पावसात वाढलेली कोवळी, लुसलुशीत फूट एक तृतीयांश कमी करा. उघड्या, उन्हाच्या बागेत याच छाटणीवर दिवाळीची फुले येतात. तुमच्याकडे सावली चालून येत असल्यामुळे ती ऑक्टोबरभर टिकतील. भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, मोठी छाटणी करू नये. कापलेल्या काड्यांवर बुरशी येते.

हे सगळे नाशिक शहराच्या हिशोबाने आहे आणि जिल्ह्यात ठिकाण बदलले की तपशील बदलतो. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तर इगतपुरीकडे ३००० च्या वर. घोटी-इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला बाग असती तर मी जूनमध्ये लावूच नका म्हटले असते. तिकडे सप्टेंबर संपताना, उंच वरंब्यावर लावावे. सिन्नर-येवल्याकडे उलट : जूनच्या पहिल्या पावसावर लावायचे आणि प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकार बांध घालून पाणी अडवायचे. निफाडच्या पट्ट्यात थंडीत पारा इतका खाली जातो की कोवळे शेंडे करपतात. तिथे करपलेली पाने लगेच कापू नयेत. थंडी पूर्ण जाईपर्यंत त्यांचेच पांघरूण खालच्या डोळ्यांना मिळते.

आता मेलेल्या तीन जागा आणि मधल्या फटी भरायचे. जमिनीवरची लँटाना साधारण अडीच फुटांवर लावतात, म्हणजे तुमच्या १२० चौरस फुटांना अठरा-वीस रोपे हवीत. तुमच्याकडे नऊ जिवंत आहेत. बाकीची विकत घेऊ नका. फेब्रुवारीच्या छाटणीत निघालेल्या हिरव्या, निबर फांद्यांचे चार-पाच इंचांचे तुकडे करा, खालची पाने काढा, दोन पेरी कुंडीतल्या मुरूम-कोकोपीटमध्ये जातील असे लावा आणि झाडाच्या विरळ सावलीत ठेवा. ऊब वाढेल तशी मुळे धरतील. यातली थोडी वाया गेली तरी जुलैमध्ये पुन्हा लावा, पावसाळी हवेत ती फार सहज लागतात. विकत आणायचीच वेळ आली तर एक गोष्ट बघा. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत पुष्कळ रोपे आंध्रातल्या कडियमहून येतात, लाल चिकणमातीच्या पिशवीत. तो लाल गोळा तसाच काळ्या मातीत पुरला की दोन मातींचा मेळ बसत नाही. गोळा सुकला की दगड होतो आणि शेजारचे पाणी आत घेत नाही. म्हणून पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग पिशवी फाडून बाहेरचा अर्धा इंच थर बोटांनी मोकळा करा आणि गोल गोल फिरलेली मुळे कापून टाका. रोपाचा गळा भोवतालच्या मातीपेक्षा इंचभर वर राहू द्या.

माती वाहण्याचा मूळ प्रश्न अजून उरतोच. पहिल्या पावसाळ्यात कोणतेही झुडूप माती धरत नाही, मुळांना वेळ लागतो. येत्या मेअखेरीस उतारावर जुनी बारदाने किंवा काथ्याची जाळी अंथरा, रोपांच्या जागी फाडून भोके करा आणि कडा आकड्यांनी ठोका. उताराला आडव्या दोन दगडी ओळी, अर्धवट मातीत गाडलेल्या, घातल्या तर पाण्याचा वेग तुटतो. बारदान वर्ष-दीड वर्षात कुजते, तोवर फांद्यांनी ठिकठिकाणी मुळे धरलेली असतात. अंथरण्यापूर्वी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढा. वरून उपटलेला लव्हाळा आठ दिवसांत परत येतो आणि एकदा लँटानाच्या आत शिरला की काढता काढता फांद्या मोडतात. हराळीचेही तेच.

कामाचा क्रम एकदा सांगतो. आत्ता पाणी तोडा, खत बंद करा, खड्डा घेऊन निचरा तपासा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात खालच्या दोन ओळींची छाटणी, वरच्या ओळीच्या फांद्या खाली वळवून दाबणे, छाट कलमे लावणे. मार्च-एप्रिलमध्ये चर आणि वरंबा. मेअखेरीस बारदान. जूनच्या पावसावर तयार झालेली रोपे रिकाम्या जागी. सप्टेंबरमध्ये हलकी छाटणी.

किडींबद्दल थोडेच, कारण उन्हातले झाड सहसा निरोगी राहते. मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या खालच्या बाजूला पांढरी माशी किंवा लाल कोळी दिसला तर सकाळी पाइपने खालून जोरात पाणी मारा, नंतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पाने वरून पांढुरकी, ठिपकेदार आणि खालून काळ्या शिंतोड्यांची झाली असतील तर तो जाळीदार पंखांचा छोटा ढेकूण असतो. रानातल्या घाणेरीचा बंदोबस्त व्हावा म्हणून तो १९४१ मध्ये भारतात मुद्दाम आणला होता. त्यालाही हेच उपाय, आणि फारच झाले तर तेवढ्या फांद्या कापून टाका. झाडात भिनणारी कीटकनाशके मात्र इथे वापरू नका. त्या गुच्छांवर दिवसभर फुलपाखरे मधासाठी बसतात, विष थेट त्यांच्या पोटात जाते. कंपाउंडमध्ये एखादे कढीपत्त्याचे आणि लिंबाचे झाड असू द्या. लँटानावर फक्त मध मिळतो, काही जातींना अंडी घालायला आणि त्यांच्या सुरवंटांना खायला ती झाडे लागतात.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. त्यांचे म्हणणे गांभीर्याने घ्या, कारण त्या ज्या झाडाबद्दल बोलताहेत ते खरोखरच नको असलेले आहे. घाणेरी किंवा टणटणी म्हणजे लँटाना कॅमारा. मूळची अमेरिकेतली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणून भारतात आली आणि आज देशभरच्या डोंगर-जंगलांत तिने देशी झुडपे आणि गवत दाबून टाकले आहे. तिची काळी, चकचकीत फळे बुलबुल-साळुंक्या खातात आणि बी लांबवर नेऊन टाकतात. तिच्या पाल्याने गुरांचे यकृत बिघडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. जनावरे पाळलेल्या घरातल्या बाईला हे माहीत असतेच.

तुमची जांभळी तिची बहीण आहे, लँटाना माँटेविडेन्सिस, दक्षिण अमेरिकेतली, उरुग्वेच्या राजधानीचे नाव लावणारी. दोघींतला फरक हाताने कळतो. घाणेरीची काडी चौकोनी, वर आकड्यासारखे बारीक काटे, झाड उभे, पान मोठे, आणि एकाच गुच्छात पिवळी, केशरी, गुलाबी फुले. पसरणारीची काडी बारीक आणि बिनकाट्याची, पान इंचभर, दातेरी, आणि गुच्छ एकाच जांभळ्या रंगाचा, फुलाचा डोळा फिकट. चुरगळल्यावर वास दोघींना येतो, म्हणून सासूबाईंनी तो ओळखला. आपल्याकडच्या बागांत ही जांभळी क्वचितच फळ धरताना मला दिसते, पण ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तीच तण होऊन बसली आहे, त्यामुळे गाफील राहू नये. नर्सरीवाला तेच आहे म्हणून पिवळी किंवा रंगीत जात देत असेल आणि तिला हिरवी फळे दिसली, तर घेऊ नका. घरात आधीच असेल तर सुकलेले गुच्छ फळ धरण्यापूर्वी खुडत जा. लहान मुलांना कोणत्याच लँटानाची फळे तोंडात घालू देऊ नका, कच्ची तर मुळीच नाही. घर डोंगराच्या पायथ्याशी, पांडवलेणीच्या किंवा म्हसरूळच्या चामर लेणीच्या उताराला लागून असते, तर मी हिची शिफारसच केली नसती.

छाटलेला पाला हाच यातला सगळ्यात बेफिकिरीने टाकला जाणारा जिन्नस आहे. ओल्या मातीवर पडलेली प्रत्येक काडी पेऱ्यावर मुळे धरू शकते, त्यामुळे ती नाल्याच्या काठी, मोकळ्या प्लॉटवर किंवा नासर्डी नदीत टाकू नका, आणि गल्लीत फिरणाऱ्या गाई-शेळ्यांपुढे तर अजिबात नाही. जांभळीचे विष घाणेरीइतके असो वा नसो, जनावराच्या तोंडी ती जाऊ नये. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर पसरा, काडी कडकन मोडेपर्यंत उन्हात वाळवा आणि मगच कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.